तारेवरची पत्रं

अल्लीपूर,
शनिवार, १२ जानेवारी १९५७

नरहरदादा,

मोठ्या भावाच्या पत्रावर ‘तीर्थरूप’ लिहायचं असते, हे मले माहीत आहे. वाचनालयाच्या शकुंतलाबाईनं सगळे मायने शिकवले होते. टाक उचलला, ‘ती’ काढला अन् हात अडला. मग तो कागद बाजूले ठेवून हा दुसरा घेतला.

हे पत्र सुधा वाचून राह्यली असेल. दुसरं कोण वाचणार? तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, अन् वर्ध्याच्या डॉक्टरनं ‘अजून पिकला नाई, पिकल्यावर या’ म्हणून परत धाडलं, असं नत्थू सांगत होता. तर सुधे, बाई, नीट उभी राहा अन् मोठ्यानं वाच. मध्येच तुझे बाबा म्हणतील, ‘हे राहू दे, पुढचं वाच.’ राहू देऊ नको. आपल्या वाचनालयाचा नेम ध्यानात आहे ना? जे लिहिलं तेच वाचायचं.

नत्थू आर्वीहून सरकीच्या ट्रकवर इकडे आलता. तुमचा निरोप त्यानं पाठ करून आणलता. ‘मास्तर म्हणते, घर उघडं पडलं. पोरीच्या वेण्या कोणी घालत नाई. झालं गेलं विसर अन् परत ये. लोकं विचारते, बहीण काऊन गेली, तर मी काय सांगू?’ लोकाईले सांगा, बहीण वाचाले शिकली म्हणून गेली. खोटं नाई त्यात काहीच.

जाता जाता त्यानं हळूच विचारलं, ‘कोकिळाबाई, लोकं म्हणते तुम्ही बाटल्या. खरं काय हो?’ मी त्याले कपाळ दाखवलं. कुंकू होतं तितकंच आहे. कोणाच्या नावानं लावते ते पुढं येईल.

मले चर्चमधी कोणी नेलं, दादा? तुम्हीच नेलं. सुधा आठ वर्षांची झाली तरी तिले वाचता येईना. मास्तरची पोरगी अन् ओळ वाचता येत नाई, म्हणून आर्वीत तुमचं नाक कापलं जाऊन राह्यलं होतं. पट्टीनं तिची बोटं सुजवली तुम्ही. मग कोणीतरी सांगतलं, चर्चच्या ओसरीत ती ख्रिस्ती बाई दर शनिवारी चार वाजता पोराईले जमवते, पुस्तकं देते, अन् महिन्या-दोन महिन्यांत पोरं धडाधडा वाचाले लागते. तुमाले पोरगी तर पाठवायची होती, अन् धर्माची भीतीही वाटत होती. म्हणून मले संगं धाडलं. ‘तू दाराशी बस. प्रार्थना सुरू झाली की पोरीले उचलून आण. तुले काय, तुले तर अक्षरही येत नाई, तुले काही धोका नाई.’ हे तुमचे शब्द आहेत.

दोन सतरंज्या, एक हिरवं कपाट अन् पंचवीस-तीस पोरं. शकुंतलाबाई चष्मा कपाळावर चढवून मधात बसत. ज्याची पाळी आली त्यानं उभं राहून एक पान वाचायचं. पोरं लबाड असतात, चित्र पाहून मनानंच गोष्ट जोडून देतात. तसं कोणी केलं की बाकीची सगळी पोरं हात आपटून ओरडायची, ‘मनचं! मनचं!’ अन् मग पान पहिल्या ओळीपासून. ज्याच्या पानात एकदाही मनचं आलं नाई, त्यालेच ते पुस्तक घरी न्यायले भेटायचं. पोरं त्यासाठी जीव टाकत. चुकलेल्या पोराले बाईनं कधी मारलं नाई, कधी हाकलून दिलं नाई. नुसतं म्हणायच्या, ‘लिहिणाऱ्यानं इतकी मेहनत केली, त्याचं तोंड आपण काऊन दाबावं?’

चौथ्या शनिवारी त्यांनी माझ्या मांडीवर पुस्तक ठेवलं. ‘दाराशी बसून माशा काऊन मारता कोकिळाबाई? घ्या.’ मी तिशीची बाई अन् सहा-सहा वर्षांची शेंबडी पोरं माझ्यावर ‘मनचं! मनचं!’ ओरडायची. लाज वाटे, अन् मजाही इतकी वाटे की शनिवारची वाट पाहत मी आठवडा काढू लागली. सुधी बाजूले बसून चोरून ओळीवर बोट धरायची. सांग तुझ्या बापाले, धरायची की नाई?

दीड वर्ष लागलं. तुमाले सांगतलं नाई. विचार होता, एक दिवस एकदम वाचून दाखवीन अन् तुम्ही खूश व्हाल.

मग यंदाची दिवाळी आली. आपल्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पत्रांची तार आहे. आलेला प्रत्येक कागद तुम्ही तिच्यात खोचता. लिहिलेला कागद फाडायचा नाई, पायाखाली येऊ द्यायचा नाई, तुमचा मोठा नेम. दर दिवाळीले मीच ती तार काढायची, धूळ झटकायची, परत लटकवायची. दहा वर्षं झटकली. यंदा झटकता झटकता एका लिफाफ्यावर नजर गेली, अन् मी वाचलं, ‘सौ. कोकिळाबाई’.

तुम्ही ती लपवलीही नाई, दादा! भिंतीवर, माझ्या डोळ्यांसमोर, दहा वर्षं! मले याचाच राग सगळ्यात जास्त आहे. आंधळ्या म्हशीसमोर कोणी काही लपवते काय?

सात पत्रं होती. साती मी सोबत आणली. आठवं कुठं आहे?

कोकिळा

अल्लीपूर,
शनिवार, २६ जानेवारी १९५७

दादा,

तुमचं कार्ड भेटलं. अक्षर सुधाचं, बोल तुमचे. ‘आठवे पत्र आलेच नाही. जे केले ते तुझ्या भल्यासाठी केले. पोरीसमोर हे विषय काढू नयेत, तिचे वय काय? तिचे वाचनालय आजपासून बंद.’

तिचं वय अकरा. तुम्ही माझ्याशी जे केलं तेव्हा माझं एकवीस होतं. मले कोणी विचारलं होतं काय की हिचं वय काय?

वाचनालय बंद केलं तर करा. तिच्या डोळ्यांतून अक्षरं कशी काढाल? तुमाले रोजचं वर्तमानपत्र कोण वाचून दाखवते? पेन्शनीचा कागद कोण वाचते? ज्या सतरंजीवर ती शिकली तिलेच लाथ मारून राह्यले तुम्ही.

आता ऐका. सुधे, सावकाश वाच, घाई नाई.

एकोणीसशे सेहेचाळीस. माझ्या लग्नाले दोन वर्षं झालेली. त्याईले इटारसीले रेल्वेत काम लागलं. वहिनीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून तुम्ही मले आर्वीले बोलावलं. वहिनी गेली अन् ओल्या नाळेची पोर माझ्या हातात आली. ती तू, सुधे. तुझा यात काडीचा दोष नाई. तू मले भेटली त्याचा मले आनंदच आहे, पण त्याचं श्रेय तुझ्या बापाले देत नाई.

पहिलं पत्र आलं. तुम्ही खुर्चीत बसले, मी दाराच्या आड उभी. तुम्ही वाचलं, ‘काम कच्चे आहे. राहायला जागा नाही. तूर्त भावाकडेच राहावे.’ मी हो म्हटलं अन् आत जाऊन पोरीले दूध पाजलं.

त्यात लिहिलेलं असं आहे, ‘क्वार्टर मिळाली. एक खोली आहे, मागे अंगण आहे. बाळंतपण आटोपले की ये.’

मनचं!

तिसऱ्याचं तुम्ही वाचलं, ‘पगार पुरत नाही, एका माणसाचेच भागत नाही.’ लिहिलेलं असं आहे, ‘अंगणात शेवगा लावला. तुला शेंगा आवडतात. फुलं यायच्या आत ये.’

मनचं!

त्या दिवशी मी तुमाले उत्तर लिहायले सांगतलं. आठवते? मी म्हटलं, लिहा, मी खोलीत राहीन, झाडाखाली राहीन, मले घेऊन जा. माझं हे बोलणं ऐकून तुमचा टाक थांबला नाई, भराभरा चालला. मले वाटलं, भाऊ किती माया करते. तुम्ही काय लिहिलं ते मले दहा वर्षांनी चौथ्या पत्रातून कळलं. ‘मास्तरांच्या हातचे तुझे पत्र मिळाले. तुला इकडे यायचे नाही, रेल्वेच्या चाळीतले जिणे तुला नको, हे वाचून मन फार खट्टू झाले.’

वाचतानाही मनचं, अन् लिहितानाही मनचं! इतकं लबाड पोर आमच्या सतरंजीवर एकही नव्हतं.

पाचव्यात आहे, ‘घ्यायला येऊ का? एकदा हो म्हण, पुढल्या गाडीने निघतो.’ सहाव्यात नुसते चार शब्द आहेत, ‘मी वाट पाहतो आहे.’ सातव्यात आहे, ‘दिवाळीला शेवटचे लिहीन. त्याचेही उत्तर आले नाही तर समजून घेईन.’ अन् ते सातवं तुम्ही मले वाचून दाखवलं तेव्हा काय म्हणाले? ‘कोकिळे, त्याने दुसरी केली.’

खोटं! दुसरी त्याईनं केली ती एकोणपन्नासात, दोन वर्षांनी. वाट पाहून पाहून केली. आता तिकडे तीन लेकरं आहेत, मी चौकशी केली. त्याईचा दोष नाई, त्या बाईचाही नाई. मले तिथं जायचं नाई. गेलेलं काही मी मागून नाई राह्यली.

मले फक्त आठवं पत्र पायजे. त्याईनं दिवाळीले लिहिलं नाई असं होणार नाई. लिहीन म्हटलं की लिहिणारा माणूस तो. अन् तुम्ही फाडलं नाई हेही मले माहीत आहे. तुमचा हात फाडायले उठतच नाई.

एक गोष्ट सांगते. आपल्यात नवऱ्याचं नाव घेत नाई. मीही तोंडानं कधी घेतलं नाई. पण लिहू नये असं कोणी सांगतलं नव्हतं, फक्त मले लिहिता येत नव्हतं. आता येते. पुंडलिक. वाच सुधे, मोठ्यानं वाच. पुंडलिक. तुझ्या बापानं ज्याचं तोंड दाबलं त्याचं नाव पुंडलिक.

हे पत्र लिफाफ्यात धाडलं, कारण तुमची थोडी लाज राखावी असं मनात आलं. आठ दिवसांत उत्तर आलं नाई तर पुढलं कार्डावर लिहीन. कार्ड उघडं असते, अन् आपला पोस्टमन भैयाजी रस्त्यानं कार्डं वाचत वाचत येते, हे साऱ्या आर्वीले माहीत आहे.

कोकिळा

कार्ड
अल्लीपूर, शनिवार, २ फेब्रुवारी १९५७

भैयाजी पोस्टमनले रामराम. हे कार्ड तुम्ही वाचणारच, म्हणून आधी तुमालेच विचारते. सत्तेचाळीसच्या दिवाळीले इटारसीचा छाप असलेला लिफाफा तुम्ही आमच्या घरी दिलता काय? तुमचं डोकं चांगलं आहे, आठवजा. मास्तर म्हणते आलंच नाई. मास्तरच्या दारात उभं राहून काय ते सांगजा.

दादा, पंधरा दिवसांत आठवं पत्र आलं नाई तर दुसरं कार्ड. त्यात पाचवं पत्र अख्खं उतरवून देईन. साती पुरतील, सात शनिवार. इथं मी शकुंतलाबाईच्या ओळखीच्या आनंदाबाईच्या पडवीत राहते, दिवसा तिच्या वावरात कापूस वेचते, अन् शनिवारी चर्चच्या पेटीतली पुस्तकं काढून अल्लीपूरच्या पोराईले वाचाले बसवते. मले काही घाई नाई.

कोकिळा

आर्वी,
रविवार, १० फेब्रुवारी १९५७

प्रिय आत्या,

हे पत्र बाबांनी सांगितलेले नाही. माझे आहे.

तुझे कार्ड बुधवारी आले. भैयाजी दारात आले, पण रोजच्यासारखे कार्ड टाकून गेले नाहीत. उभेच राहिले. मग म्हणाले, ‘मास्तर, मी दिलतं. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, तुमी मले करंजी दिलती.’ एवढे बोलून सायकल घेऊन गेले.

बाबांनी दार लावून घेतले. मग म्हणाले, ‘सुधा, कागद घे. लिही, आठवे पत्र मी जाळले.’ मी लिहिले. मग त्यांनी विचारले, काय लिहिलेस, वाच. मी वाचले. ते म्हणाले, ‘फाड ते.’ मी म्हटले, बाबा, आपण लिहिलेला कागद फाडत नाही ना? त्यावर ते उठले. मला वाटले मारतील. पण ते भिंत चाचपत माझ्या आईच्या फोटोपाशी गेले. फोटो स्वतःच उतरवला, मागची पाटी सरकवली. आत लिफाफा होता.

आत्या, तो उघडलेलाच नव्हता. पुढे तुझे नाव आहे. मागे लिहिले आहे, ‘खालचा अर्धा मजकूर मास्तरांसाठी आहे. तो त्यांनी स्वतः वाचावा.’ बाबा म्हणाले, ‘ही ओळ वाचली. उघडायचा धीर झाला नाही, ठेवलाही जाईना तारेवर.’ मग म्हणाले, ‘तू उघड. माझ्यापुरता मजकूर वाचून दाखव.’

मी उघडला नाही. म्हटले, वर आत्याचे नाव आहे. ते म्हणाले, ‘मी सांगतो ना, बाप सांगतो.’ तरी नाही उघडला. ते चिडले नाहीत. नुसते म्हणाले, ‘तिला विचार, त्याने मला काय लिहिले आहे.’ तीनदा म्हणाले.

शकुंतलाबाई येत्या शनिवारी नवी पुस्तके घेऊन अल्लीपूरला येणार आहेत. लिफाफा त्यांच्याजवळ देते आहे. वाचनालयात जायला बाबा आता काही म्हणत नाहीत. काल मी गेले होते.

आत्या, एक सांगू? तुझी पत्रे तू जशी लिहिलीस तशीच मी वाचली. एकदाही मनचे केले नाही. बाबा मान खाली घालून बसायचे तरी मी वाचत गेले. पण वाचशील का, असे तू मला विचारले नाहीस. मला रात्री झोप येत नव्हती.

तुझी सुधा

अल्लीपूर,
शनिवार, १६ फेब्रुवारी १९५७

सुधे, आधी तुले लिहिते.

चुकली मी. रागाच्या भरात मले फक्त तुझा आवाज दिसला, तू दिसली नाई. जे माझ्याशी झालं त्याचा सूड घेताना मी तुलेच हातात धरलं, जसं तुझ्या बापानं मले तुझ्यासाठी धरलं होतं. माफ कर बाई. आता विचारते, हे शेवटचं पत्र वाचून दाखवशील? नको वाटलं तर इथंच घडी घाल अन् तारेले खोच, कोणी काही म्हणणार नाई.

वाचून राह्यली असशील तर पुढं दादासाठी.

दादा,

शकुंतलाबाई दुपारच्या मोटारीनं आल्या. पोरं पुस्तकांवर तुटून पडली अन् मी लिफाफा घेऊन मागच्या अंगणात गेली. खाटेवर बसून उघडला. अख्खं वाचलं, दोनदा वाचलं. बोट धरून वाचलं, एक अक्षर सोडलं नाई. मग पदर तोंडात कोंबून रडली, कारण आत पोरं वाचून राह्यली होती अन् त्यांच्या वाचनात खंड पडला असता. माझी पाळी आली तेव्हा शकुंतलाबाईनं हाक मारली, मी जाऊन माझं पान वाचलं. मनचं आलं नाई.

तुम्ही विचारलं, त्याईनं मास्तराले काय लिहिलं?

लिहिलं आहे. अर्धं पान आहे, नऊ ओळी. शाई जराही उडाली नाई, अंधारात राह्यल्यानं जशीच्या तशी आहे. वर तुमचं नाव आहे.

मी तुमाले कायबी सांगू शकते. शाप दिला म्हणेन, तर रोज रात्री छातीवर धोंडा घेऊन निजाल. माफ केलं म्हणेन, तर हाश्श करून वर्तमानपत्र ऐकत बसाल. दोन्ही माझ्या जिभेवर आलतं, खोटं नाई बोलत. पण ज्या सतरंजीवर मी वाचाले शिकली तिथं मनचं चालत नाई. अन् खरं सांगायची मले इच्छा नाई.

म्हणून मी काय केलं ते ऐका. आनंदाबाईच्या पडवीत एक तार मागून घेतली. दारासमोरच्या भिंतीले खिळा ठोकला. तारेवर आधी पहिली सात लावली, अन् सगळ्यात वर हे आठवं, तुमचा मजकूर पुढं करून. दारातून आत पाऊल टाकलं की तेच दिसते. शनिवारी येणाऱ्या पोराईले सांगून ठेवलं आहे, शकुंतलाबाईले सांगतलं, सुधे तुलेही सांगते, तिथं लावलेलं कोणी कोणाले वाचून दाखवायचं नाई. लिफाफ्याच्या पाठीमागं त्याईनंच लिहून ठेवलं आहे, मास्तरनं स्वतः वाचावं.

तुम्ही या. कधीही या, मी नाई म्हणणार नाई. आर्वीहून वर्धा, तिथून हिंगणघाट, पुढची मोटार अल्लीपूरची. सुधा हात धरून आणेल. पाट देईन, चहा करीन, शेवग्याच्या शेंगांचं वरण करीन. तारेच्या समोरच बसजा. मोतीबिंदू पिकेल तेव्हा पिकेल, मग डॉक्टर काढेल, मग वाचजा.

दर दिवाळीले मी त्यावरची धूळ झटकत जाईन.

कोकिळा